थांबणाऱ्याला थांबू द्या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून येथे छापण्यास दिले आहे.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, तुम्ही ज्येष्ठ आहात, दहा-पंधरा मिनिटं काहीतरी बोला." विषय विचारला तर म्हणाले, "विषय तुमचा." बँकेत चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने स्वतःहून विषय निवडला की लोक घाबरतात. आता हा मुदत ठेवींवर बोलणार! घाबरू नका. मी पावसात मोटारसायकल चालवण्यावर बोलणार आहे.

आपल्या सोसायटीत चारचाकी किती आणि दुचाकी किती, हे पार्किंगमध्ये एक चक्कर मारली की कळतं. इथली निम्मी घरं कंपनीच्या शिफ्टवर चालतात. कोणी इथेच सणसवाडीत, कोणी कोरेगावला, कोणी रांजणगाव एमआयडीसीत. रात्री सेकंड शिफ्ट सुटते आणि नेमका तेव्हाच पाऊस येतो. म्हणून हा विषय मला सोसायटीचा वाटतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हाची आठवण जुन्या सभासदांना असेल. नगर रोडपासून गेटपर्यंत रस्ता असा नव्हताच, काळ्या मातीची वाट होती. पहिल्याच पावसाळ्यात एकाही सभासदाची गाडी गेटपर्यंत आली नाही. काळी चिकण माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये जाऊन अशी बसायची की चाक फिरायचंच थांबायचं. मग काडीने, कोणी चमच्याने ती माती उकरत बसायचं. शेवटी सगळे जण हायवेवरच्या हॉटेलवाल्याकडे गाड्या लावून, चपला हातात घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत वर करून घरी यायचे. पुढच्या उन्हाळ्यात आपण वर्गणी काढली, मुरूम टाकला. त्या वर्गणीच्या पावत्या मी लिहिल्या होत्या. आज तिथे काँक्रीट आहे, याचा मला कोणत्याही मुदत ठेवीपेक्षा जास्त आनंद आहे.

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला की आपली आजी म्हणायची, औंदा पाऊस बरा. कोल्हा, मेंढा असला की मान हलवायची. मोटारसायकल हे वाहन मात्र पंचांगकर्त्यांनी कुठल्याच नक्षत्राला दिलेलं नाही. माझ्या मते ते शहाणे होते.

आता थोडं कामाचं सांगतो. आपला शिरूर तालुका पर्जन्यछायेत येतो. कोकणात एकदा पाऊस लागला की रोज पडतो, रस्ता धुऊन निघतो. आपल्याकडे चार दिवस पडतो आणि पंधरा दिवस दडी मारतो. त्या पंधरा दिवसांत रस्त्यावर ट्रकचं ऑईल, डिझेल, टायरचा भुगा आणि धूळ साठते. मग पाऊस आला की पहिली दहा-पंधरा मिनिटं हे सगळं पाण्यावर तरंगतं आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो. म्हणजे कोकणात निसरडा 'पहिला पाऊस' वर्षातून एकदा येतो, आपल्याकडे तो पाच-सहा वेळा येतो. म्हणून पाऊस सुरू झाल्याबरोबर वेग वाढवून "भिजायच्या आत पोचू" हा जो आपला विचार असतो, तो नेमका चुकीच्या वेळी येतो.

बँकेतल्या माणसाला आकड्यांशिवाय करमत नाही, म्हणून दोनच आकडे सांगतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी चालली असेल तर ती एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काही दिसून ब्रेकवर हात-पाय जाईपर्यंत हा एक सेकंद गेलेला असतो. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबायला कोरड्या चांगल्या रस्त्यावर साधारण वीस मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर पस्तीसच्या पुढे. दुसरी गोष्ट, वेग दुप्पट केला की हे ब्रेकचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. चक्रवाढ व्याजापेक्षाही हे वाईट आहे.

माझा नातू म्हणतो, "आजोबा, आमच्या गाडीला एबीएस आहे." खरं आहे. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून ते सक्तीचं झालं आहे, आणि चांगलंच झालं. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, त्यामुळे गाडी घसरत नाही. पण टायर गुळगुळीत असेल, खाली ऑईल असेल, तर पकड कुठून आणणार? एबीएस म्हणजे चांगला कॅशियर. तो पैसे नीट मोजून देईल, पण खात्यात शिल्लकच नसेल तर तो तरी काय करणार?

बाकीच्या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत, तरी एकदा उजळणी करतो. झेब्रा क्रॉसिंग आणि रस्त्यावरचे जाड पांढरे पट्टे ओले झाले की निसरडे होतात, तिथे ब्रेक मारू नये आणि गाडी तिरपी करू नये. ड्रेनेजच्या लोखंडी झाकणांचं तसंच. पाण्याच्या डबक्यात गाडी घालू नये, खाली खड्डा किती आहे हे त्या डबक्यालाच माहीत. पुढच्या गाडीच्या चाकाची ओळ धरावी, मात्र अंतर सोडून. पाण्यातून बाहेर आल्यावर चालता चालता ब्रेक हलके दाबून वाळवून घ्यावेत. काळा गॉगल नको, दिवा दिवसासुद्धा चालू हवा. रेनकोट अंगासरशी हवा, पाठीमागे झेंड्यासारखा फडफडणारा नको. माझ्या भगिनींनो, ओढणी आणि पदर नीट खोचून बसा. आणि मागे बसून छत्री कधीही उघडू नका, वारा ती छत्री धरतो आणि तुम्हाला ओढतो. हेल्मेट पुढच्यालाही आणि मागच्यालाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ कलमात दोघांचंही नाव आहे.

हे सगळं सांगायला मी कशाला हवा होतो? हे कोणीही सांगेल. मला जे सांगायचं आहे ते यापुढे आहे. ते मी आजपर्यंत कोणापुढे बोललेलो नाही.

साल १९८३. मी तेव्हा याच भागातल्या एका शाखेत अधिकारी होतो. बँकेच्या कर्जातून घेतलेली राजदूत मोटारसायकल माझ्याकडे होती. पीककर्जाची वसुली, विहिरीच्या कर्जाची पाहणी, म्हशींच्या कर्जातली म्हैस जागेवर आहे की नाही हे बघणं, यासाठी गावोगाव फिरावं लागे. बरोबर आमच्या शाखेतले शिपाई असायचे. वयाने माझ्यापेक्षा मोठे, सगळी शाखा त्यांना मामा म्हणायची. रस्ते त्यांना पाठ, माणसं त्यांना पाठ. खरं तर वसुली तेच करायचे, मी पावत्या फाडायचो.

सप्टेंबरअखेर होती. पितृपंधरवडा चालू होता, हस्त नुकताच लागला होता. तिमाहीचं वसुलीचं स्टेटमेंट द्यायचं होतं. पाबळच्या बाजूची दोन-तीन गावं करून आम्ही शिक्रापूरकडे परत निघालो होतो. मामांच्या मांडीवर कॅनव्हासची पिशवी, तिच्यात दिवसभराची रोकड. आम्ही जिथे होतो तिथे पाऊस जेमतेम भुरभुरत होता. पण वरच्या अंगाला डोंगराकडे आभाळ काळंकुट्ट होतं.

वाटेत वेळ नदीला मिळणारा एक ओढा होता. त्यावर पूल नव्हता, दगडी फरशी होती, कडेला गुडघ्याएवढे दगड उभे केलेले. फरशीवरून पाणी चाललं होतं, गढूळ. किती खोल हे दिसत नव्हतं, पण कडेच्या दगडांची फक्त टोकं वर होती. अलीकडे एक म्हातारेबाबा शेळ्या घेऊन उभे होते. ते म्हणाले, "जाऊ नका. आमच्या वस्तीवर चला, च्या घ्या." मामा म्हणाले, "साहेब, पानी उतरू द्या. तासाभराचा तर प्रश्न हाय."

मी घड्याळ बघितलं. रोकड रात्री तिजोरीबाहेर ठेवायची नाही हा नियम. उद्या सकाळी स्टेटमेंट. मी म्हणालो, "मामा, काही होत नाही. बसा." मामा पुन्हा एकदा म्हणाले, "साहेब, थांबू." मी गाडीला किक मारली. मामा बसले.

फरशीच्या मध्यावर इंजिन बंद पडलं. प्लगपर्यंत पाणी गेलं असणार. मी पाय टेकला, तर खाली शेवाळ. गाडी पाण्याच्या दिशेने कलंडली. मामांनी एका हातात पिशवी उंच धरली आणि दुसऱ्या हाताने मला धरलं. त्यांचा पाय गाडी आणि कडेचा दगड यांच्यामध्ये सापडला. वाहत्या पाण्याचाही हिशेब ब्रेकसारखाच आहे, पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. गुडघाभर पाणी माणसाला पाडतं, यावर माझा त्या दिवसापर्यंत विश्वास नव्हता.

त्या म्हाताऱ्या बाबांनी हाका मारून वस्तीवरची माणसं गोळा केली. त्यांनी मोटेचा जुना नाडा आणून आम्हाला ओढून काढलं. गाडी दुसऱ्या दिवशी बरीच खाली बाभळीला अडकलेली सापडली. पिशवी मामांनी सोडली नव्हती. रोकड ओली झाली होती, पण एक नोट कमी नव्हती. मामांचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. तो नीट जुळला नाही. त्यानंतर मामा आयुष्यभर लंगडत चालले.

आता जे सांगतो ते महत्त्वाचं. त्या प्रसंगाचा रिपोर्ट मी लिहिला. त्यात मी लिहिलं, "ओलांडत असताना पाण्याची पातळी अचानक वाढली." हे खोटं होतं. पाणी अचानक वाढलं नव्हतं. आम्ही दहा मिनिटं उभं राहून ते बघितलं होतं. दोन माणसांनी मला थांबायला सांगितलं होतं. त्या रिपोर्टवर साक्षीदार म्हणून मामांनी सही केली. रोकड सुखरूप आणल्याबद्दल मला शाबासकीचं पत्र आलं. मामांचं नाव त्या पत्रात नव्हतं, कारण माझ्या रिपोर्टमध्ये पिशवी कोणी धरली होती हे मी लिहिलंच नव्हतं.

मी दर दिवाळीला मामांकडे जात असे. निवृत्त झाल्यावर एकदा धीर करून म्हणालो, "मामा, त्या दिवशी तुमचं ऐकायला पाहिजे होतं." मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "साहेब, मी तरी कुठं उतरलो गाडीवरनं?" म्हणजे बघा, इतकी वर्षं तो माणूस स्वतःलाच दोष देत होता. साहेबापुढे शिपायाने गाडीवरून कसं उतरायचं? त्याला उतरता येईल अशी जागाच मी ठेवली नव्हती.

मामा आता नाहीत. त्यांच्या मुलाला मी हे भाषण आधी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "वाचा काका, लोकांना उपयोग होईल."

तुम्ही म्हणाल, ही चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आता फरश्या गेल्या, पूल झाले. पूल झाले हे खरं. पण २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीचा पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या, हेही आपल्या लक्षात आहे. आणि पाणी सोडा, गेल्या पावसाळ्यात काय झालं ते सांगतो. हे माझ्याच घरातलं आहे.

माझा नातू रांजणगावला सेकंड शिफ्टला असतो. जुलै महिन्यातली रात्र. विजा, पाऊस. साडेअकरा वाजले, तो आला नाही. मी फोन केला. तो म्हणाला, "आजोबा, पेट्रोल पंपावर थांबलोय, कमी झाला की निघतो." मी म्हणालो, "बरं." दहा मिनिटांनी पुन्हा फोन केला, "निघालास का?" आणखी दहा मिनिटांनी तिसरा. "अरे, इकडे तर कमी झालाय. आई जागी आहे तुझी." तो निघाला. शिक्रापूरच्या अलीकडे रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर त्याची गाडी घसरली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. खांद्याजवळचं हाड मोडलं. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला, नाहीतर आज मी इथे उभा राहून बोललो नसतो.

दवाखान्यात मी त्याला रागावलो, "एवढा पाऊस होता तर निघालास कशाला?" तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, तुमचा तिसरा फोन आला म्हणून."

मंडळी, त्या रात्री मी झोपलो नाही. १९८३ साली एक माणूस थांबू म्हणत होता, मी त्याला थांबू दिलं नाही. मागच्या वर्षी दुसरा माणूस थांबला होता, मी त्यालाही थांबू दिलं नाही. पहिल्या वेळी मी साहेब होतो, दुसऱ्या वेळी आजोबा. प्रेमाने फोन केला म्हणून काय झालं? पावसातल्या माणसाला तो हुकूमच वाटतो.

आपण गाडी चालवणाऱ्याला खूप सल्ले देतो, हळू जा, जपून जा. पण थांबायला त्याला परवानगी कोण देतं? कंपनीत पंचिंगची वेळ, घरी ताट वाढलेलं, आणि खिशात वाजणारा फोन. पावसातला अपघात पुष्कळदा रस्त्यावर सुरूच होत नाही. तो घरात सुरू होतो.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली घरच्यांसाठी. पाऊस लागला की बाहेर असलेल्या माणसाने एकच शब्द पाठवायचा, "थांबलोय." पोरींनी "थांबलेय." मग घरातून एकही फोन जाणार नाही. ताट झाकून ठेवायचं. तो निघताना दुसरा शब्द पाठवेल, "निघालो." मध्ये काही नाही. आमच्या घरी वर्षभर हे चालू आहे. पहिले काही दिवस जीव टांगणीला लागतो, मग सवय होते. थांबायचं मात्र नीट जागी, पेट्रोल पंप, हॉटेल, एसटीचा निवारा. विजा चमकत असताना झाडाखाली नाही, आणि अंधारात हायवेच्या कडेला गाडी लावून तर मुळीच नाही.

दुसरी मागे बसणाऱ्यांसाठी. बायको असो, मुलगी असो, मित्र असो. तुम्हाला भीती वाटली तर तुम्ही उतरायचं. "थांबव" असं एकदा म्हणायचं, आणि चालवणाऱ्याने एकदाच ऐकायचं. दुसऱ्यांदा म्हणायची वेळ येता कामा नये. आमच्या मामांवर ती आली होती.

तिसरी कार्यकारिणीसाठी. आपल्या पार्किंगच्या उतारावर ज्या गुळगुळीत फरश्या बसवल्या आहेत, त्यांच्यावर पावसाळ्यात शेवाळ धरतं. मागच्या दोन पावसाळ्यांत किती जण तिथे गाडीसकट आडवे झाले हे वॉचमनला विचारा. त्या काढून तिथे खरबरीत काँक्रीटचे पट्टे मारा. जमलं तर जूनच्या पहिल्या रविवारी आपल्या आवारात एखाद्या मेकॅनिकला बोलवा, टायर आणि ब्रेक सगळ्यांचेच तपासून होतील. या खर्चासाठी वर्गणी काढायची असेल तर पावत्या लिहायला मी आहे. हात थोडा थरथरतो, पण अक्षर अजून वाचता येतं.

माझा नातू मागे बसला आहे. खांदा आता बरा आहे. पुन्हा गाडी चालवतो, पुन्हा सेकंड शिफ्टला जातो. त्याला गाडी सोड असं मी म्हणालेलो नाही, म्हणणारही नाही. पावसातून गाडी चालवत घरी येण्यात एक आनंद असतो. मातीचा वास येतो, चहाच्या टपरीवर अनोळखी माणसं शेजारी उभी राहून बोलायला लागतात. तो आनंद मीही खूप घेतला आहे. फक्त त्या टपरीवर त्याला हवा तेवढा वेळ उभं राहू द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.